मंडईच्या मैदानात मुक्काम

नागपूर सोडलं तेव्हा आमच्या गाडीत पलंग होता, स्टोव्ह होता, पाण्याची टाकी होती आणि स्टिअरिंगमागे तोंड पाडून बसलेले आमचे हे होते. हे म्हणजे दिनकरराव. त्या जुन्या मॅटॅडोरचं फिरतं घर त्यांनी स्वतः, सुटीच्या दिवशी खपून केलं होतं. मग उन्हाळ्यात छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात राहावं लागलं, आणि 'आता ठणठणीत आहात, गाडी चालवा, हिंडा-फिरा' असं डॉक्टरांनी बजावूनही यांचा धीर काही परत आला नाही. रात्ररात्र झोप नाही. ओळखीचा एक बेकरीवाला पाव वाहायला गाडी मागत होता. शेवटी ठरलं की दिवाळी झाली की नवेगावच्या राष्ट्रीय उद्यानाजवळ मुक्काम करायचा. तिथे यांना झोप लागली तर गाडी आमची, नाहीतर बेकरीवाल्याची. माझा त्या गाडीवर जीव. तिच्यात पाव भरलेले दिसायचे आणि माझं डोकं तडकायचं.

भंडाऱ्याला वैनगंगेचा पूल ओलांडला आणि दोन्ही बाजूंना धान (भात) सुरू झालं. काही बांध्यांत (भाताच्या खाचरांत) उभं, काहींत कापून आडवं पडलेलं. एक तलाव संपतो न संपतो तोच दुसरा. साकोलीला चहा घेतला. यांनी अर्धा कप ठेवला आणि मनगटावर बोटं टेकवून नाडी पाहिली. मी दुसरीकडे बघितलं.

नवेगावचा तलाव पहिल्यांदा दिसला तेव्हा मात्र यांनी आपणहून गाडी बाजूला घेतली. चारी बाजूंना जंगलाचे डोंगर आणि मध्ये पाणीच पाणी, त्यावर दूरदेशीची बदकं. मी मनात म्हटलं, झालं काम. पण काठावर सहलीची बस उभी होती, मंडळी ट्रान्झिस्टर लावून पत्ते कुटत होती. पुढे रस्त्याकडेला एक छान वड सापडला, तर तिथून लाकडाचे ट्रक सुटलेले. हे म्हणाले, असू दे, इथेच थांबू. मी कसली ऐकते! शांत जागा म्हणजे शांत जागा.

ती सापडली सानगडीच्या बाजूला, जंगल जिथे संपतं तिथल्या एका गावाबाहेर. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. तलावाची पाळ, तिच्या पायथ्याशी मोहाची मोठी झाडं आणि झाडांखाली स्वच्छ झाडलेलं मैदान. चिटपाखरू नाही. गावातही सगळ्या दारांना कड्या. एका गोठ्यात तेवढी शेवंताबाई भेटली, माझ्याच वयाची असेल. तिला इथे राहू का म्हणून विचारलं.

"लावा नं भाऊ गाडी," ती यांना म्हणाली. "आज कोनीच नाही गावात. सारे बाजूच्या गावच्या मंडईले गेले. मी गायीपायी राहिली, याले झाली हाय ते." गाय व्यायच्या बेतात होती.

मंडई म्हणजे दिवाळीनंतर इकडे गावोगाव भरणारी जत्रा, एवढं आम्हाला नागपुरात राहून ठाऊक होतं. आज एका गावची, उद्या दुसऱ्याची, हेही ठाऊक होतं. पण उद्या कोणाची, हे विचारायचं दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. मैदान इतकं झाडून कोणी ठेवलंय, तेही नाही. मी तर खुशीत खिचडी टाकली.

रात्री काय झालं ते थोडक्यात सांगते. पानसुद्धा हललं नाही आणि यांचा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी म्हणाले, "इतकं शांत होतं की छातीतलं एकेक धडधडणं ऐकत बसलो. गाडी देऊन टाकू." रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि स्टोव्हला पिन मारता मारता तो राग स्टोव्हवर काढला.

चहा होईतो बैलगाड्या येऊ लागल्या. बांबू उतरले, ताडपत्र्या ताणल्या गेल्या. आम्ही आवरून निघायला दार उघडतो तर पुढे जिलेबीची कढई, मागे बांगड्यांचं दुकान आणि बाजूला उकडलेल्या शिंगाड्यांच्या टोपल्या. गाडी पक्की कोंडली. मी जिलेबीवाल्यावर उखडले, विचारायची काही पद्धत आहे की नाही? तो बिचारा शांतपणे चुलाण पेटवत म्हणाला, "बाई, ही जागा माही दर सालची हाय. तुम्हीच माह्या जागेवर गाडी लावली." कपाळ माझं!

मग डफ आले. गोवारी (गुरं राखणारी मंडळी) उंच सजवलेली ढाल (बांबूला बांधलेलं त्यांचं निशाण) घेऊन नाचत आले, बासरी, शिट्ट्या, वर लाउडस्पीकर. पाव्हण्यांनी मैदान फुलून गेलं. हे म्हणाले, मी आत पडतो. दार लावून घेतलं. मी बाहेर बसून राहिले, पण जीव थाऱ्यावर नव्हता. एवढा गोंगाट, त्यात रात्रीचं जागरण. आतून हाक नाही की हालचाल नाही. शेवटी राहवेना. दार उघडलं तर हे उताणे, तोंड उघडं. नाकापाशी हात नेला.

घोरत होते! डफाच्या आवाजात ऐकूच आलं नव्हतं.

मी तिथेच खाली बसले आणि पदर तोंडाला लावून रडले. शेवंताबाई तांदळाची भाकर आणि तलावातल्या मासळीचा रस्सा घेऊन आली होती. तिला वाटलं, भलतंच काही झालं. सांगितलं तेव्हा हसली. भाऊंची झोप मोडेल म्हणून भोंगा बंद करायला सांगते, असं म्हणून ती निघालीसुद्धा. मी धावत जाऊन तिचा हात धरला.

दुपारी वाजवणारे जेवायला बसले आणि सगळं थंड झालं, तर यांनी लगेच कूस बदलली. मी तशीच गोवाऱ्यांच्या पंगतीत जाऊन उभी राहिले आणि अर्ध्या जेवणातून एका म्हाताऱ्याला उठवलं. त्यांनी कारण विचारलं, सांगितल्यावर पंगतीत हशा पिकला. तो उष्टा हात तसाच ठेवून, डाव्या हाताने डफ घेऊन गाडीमागे वाजवत बसला.

हे उठले तेव्हा उन्हं उतरली होती. आधी भूक लागली म्हणाले. भाकर, रस्सा, वर गरम जिलेबी, सगळ्याचा चट्टामट्टा केला. नाडी पाहिली नाही.

"घरी तुम्ही सगळे कुजबुजता," जिलेबीचा पाक चाटत ते म्हणाले. "रेडिओ बंद, दारं हळूच लावायची. पडल्या पडल्या वाटतं, मी गेलोच आहे आणि लोक भेटायला आलेत."

घ्या! उन्हाळ्यापासून मी या घरात पायाचा आवाज न करता चालले, त्याचं हे फळ. पण भांडायला वेळ कुठे होता? लोक आत डोकावून आमचा पलंग पाहत होते, आणि हे प्रत्येकाला टाकीची तोटी सोडून दाखवत होते. शेवंताबाईने पुढच्या साली इथेच यायचं बजावलं. जिलेबीवाला म्हणाला, जरा पलीकडे लावजा म्हणजे झालं.

नागपूरला परतलो. बेकरीवाला दुसऱ्याच दिवशी दारात हजर. हे गाडीखाली निजून काहीतरी ठोकत होते, तिथूनच ओरडले, "नाही विकायची."

दुपारी जेवून ते आडवे झाले. सवयीने मी दाराची कडी हळूच लावायला गेले आणि थांबले. मग रेडिओ मोठ्याने लावला, स्वयंपाकघरात गेले आणि घरातलं सगळ्यात मोठं पातेलं ओट्यावर दणकन आपटलं.