सेटिंग कमी केली अन् गाव दिसलं

हसू नका आधीच. चहा येऊ द्या, मंग सांगतो. माणूस गाढवपणा करते तं घरातल्या घरात करते, झाकून ठेवते. म्या गाव जमा करून केला! अन् एकदा नाही, दोनदा.

तुमाले मालूम आहे, भंडाऱ्याजवळ शहापूरले हायवेवर माहं कम्प्युटर रिपेरीचं दुकान आहे. अन् मले विमान उडवायच्या गेमचा भारी नाद. खऱ्या विमानात कधी पाय ठेवला नाही, पण गेममधे नागपूरवरून उडालो का थेट दिल्लीले उतरतो. बायको म्हणे, "अजी, इतकं फिरता, येताना कोथिंबीर तं आणत जा!"

आता बाबाचं सांगतो. आमचं जुनं गाव धरणाच्या पाण्यात गेलं. नाव सांगून काही फायदा नाही, नकाशावर तिथं निळा रंग आहे. सरकारनं आमाले उचलून नव्या गावठाणात आणून ठेवलं. सरळ रस्ते, सरळ ओळी, एकासारखं एक घर. बाबा त्याले कॉलनी म्हणत, गाव कधी म्हटलंच नाही. माय जुन्या घरातच वारली होती, त्याच्यानं बाबाचा जीव तिकडंच अडकला होता. बोलणं कमी, हसणं बंद.

एक दिवस जेवता जेवता म्हणाले, "मरायच्या आधी एकदा आपलं घर पाहाले भेटलं असतं, तं बरं झालं असतं रे."

पाण्याखालचं घर कुठून दाखवू?

तेवढ्यात नागपूरच्या एका दोस्तानं सांगितलं, "अबे, त्या गेममधे सॅटेलाईटचे फोटो आहेत, अन् जुने आहेत! आमच्या मोहल्ल्यातलं सिनेमाघर पाडून जमाना झाला, गेममधे अजून उभं आहे."

बस! त्याचं सिनेमाघर उभं आहे, मंग आमचं गावही असनच ना? तपासून पाहाले पायजे होतं. पण कायले तपासतो? शहाणा ना मी!

विमानाच्या खिडकीतून पाह्यल्यासारखं दिसावं म्हणून व्हीआरचा सेकंडहँड डबा घेतला. डोक्यावर घातला का जिकडं मान फिरवान तिकडचं दिसते. पण तुमाले काय सांगू, थो डबा मशीनचा जीव काढते! मान फिरली का त्याच क्षणाले चित्र फिरलं पायजे, अन् थेही दोन्ही डोळ्यायसाठी वेगवेगळं. माहा कम्प्युटर बिचारा बिलं काढणारा. माही मान डावीकडं, चित्र अजून उजवीकडंच! असे धक्के बसत का पोटातलं तोंडात ये.

मंग काय, एकेक सेटिंग कापत गेलो. ढग बंद. सावल्या बंद. झाडं बंद. उभी घरं बंद, जमिनीवर नुसता फोटो. तरी मशीन हापे. शेवटी फोटोही धूसर केला, तवा कुठी धक्के थांबले. पण दिसे असं, का चष्म्यावर पेज सांडली.

भंडाऱ्यावरून वैनगंगेच्या काठाकाठानं विमान खाली नेलं. नदीच्या वळणापाशी, पाण्याजवळ, घरायचे डाग दिसले. हेच आपलं गाव! पाणी जरा जास्तच पसरलं होतं, पण म्या म्हटलं, फोटो पावसाळ्यातला असन. माणसाले जे पाहाचं आहे त्याच्यासाठी कारण भेटतेच.

बाबाले खुर्चीवर बसवलं, डबा घातला.

"बाबा, मान हळू फिरवा. मशीनले दोन चित्रं काढा लागते, एक डाव्या डोळ्याचं, एक उजव्या डोळ्याचं."

"उजव्यात मोतीबिंदू आहे रे माह्या. त्याचं कायले काढते?"

घ्या! एवढी झाडं तोडली, घरं पाडली, अन् अर्धी मेहनत मोतीबिंदूत गेली!

मंग बाबानं हळूहळू मान फिरवली. मी विमान वळणावर घिरट्या घालत ठेवलं. बऱ्याच वेळानं त्यायचा आवाज आला, एकदम बारीक.

"हे पाह्य आपलं घर."

"कोणतं बाबा?"

"वळणाचं. हे अंगण. अंगणात धान वाळू घातला आहे. मंजे तुही माय इथंच असन कुठीतरी."

हात लांब करून त्यायनं हवेत काहीतरी शिवलं. मले राहवलं नाही. बाबाचा डबा काढून म्या घातला. तेच वळण, तेच घर, अंगणात पांढुरका डाग. खरंच धान! याच घरात जन्मलो मी! म्या दोन्ही हात जोडले, डोकं टेकवलं, अन् ढसढसा रडलो. टेबलावर कपाळ आपटलं थे वेगळं.

आता अशी गोष्ट गावात लपते काय? इतवारच्या दिवशी बुद्धविहारातली वंदना झाली अन् सारी मंडळी आमच्या अंगणात. पहिले आले डोमाजीकाका, बाबाचे लहानपणाचे सोबती. डबा घातला अन् ओरडलेच.

"अरे, हा माहा कोठा! अन् बैल बांधला आहे, पाह्य!"

"हो काका, बैलच होय." मले कुठी दिसत होता बैल? पण त्यायले दिसून राहिला, तं मी कायले नाही म्हणू?

मंग तं रांगच लागली. कोणाले विहीर दिसली, कोणाले सासरा दिसला ओसरीवर बसलेला. बाया डबा काढत अन् पदरानं डोळे पुसत. दोघातिघायले ओकाऱ्याही झाल्या, पण तोंड धुऊन पुन्हा रांगेत! अन् बाबा? बाबा उभे राहून साऱ्यायले समजावत होते, "घाई करू नका गा, वळणापासून तिसरं घर पाहा, थे तुमचं." इतका मोठा आवाज म्या किती वर्षांनी ऐकला! रात्री पुन्हा वाढून मागून भात खाल्ला त्यायनं.

इथंच थांबाले पायजे होतं का नाही? तुमीच सांगा! पण बढाईखोर माणसाले थांबता येते काय?

दुकानात एक तगडा कम्प्युटर रिपेरीले आला होता. आत ग्राफिक्स कार्ड असं का उचलाले दोन हात लागन. मालकाले सांगितलं, टेस्टिंग चालू आहे. अन् पुढच्या इतवारी थो घरी आणला, मोठ्या टीव्हीले जोडला, म्हणजे बाबा डब्यातून पाहतीन अन् सारं गाव टीव्हीवर. बाबा धुतलेला पांढरा सदरा घालून बसले. म्या सारी सेटिंग फुल केली. झाडं चालू, सावल्या चालू, घरं चालू. मशीनचा पंखा गिरणीसारखा घरघरला. धक्का एक नाही!

विमान वळणावर आलं. पेज धुऊन निघाली. चित्र साफ झालं.

सरळ रस्ते. सरळ ओळी. एकासारखं एक घर. मधे पाण्याची टाकी.

मंग कोणीतरी हळूच म्हणालं, "जुन्या गावात टाकी कवा होती बे?"

डोमाजीकाका उठून टीव्हीपाशी गेले, बोट ठेवलं. "ही माही निळी ताडपत्री होय. मांगच्या साली कोठ्यावर टाकली. अबे, हे तं आपलंच गावठाण होय!"

जुनं गाव बाजूलेच होतं. त्या पसरलेल्या पाण्याखाली.

"मंग या बापलेकायचं घर कोणतं होतं गा थे?" अन् साऱ्यायच्या नजरा वळणावर गेल्या. वळणावर गावठाणाचं सार्वजनिक संडास उभं होतं. अंगणातला धान मंजे अर्धवट नालीसाठी टाकलेली गिट्टी-खडी.

जो हशा पिकला! "याचा जन्म इथंच झाला म्हणते! हात जोडून पाया पडला ना बे!" मीही हसलो, दुसरं काय करतो? हसता हसता बाबाकडं पाह्यलं. डबा डोक्यावरच होता, अन् डब्याखालून गालावर पाणी येऊन राहिलं होतं.

लोकं गेले. म्या हळूच डबा काढला. "चुकलं बाबा."

एक शिवी दिली नाही. दिली असती तं बरं झालं असतं. संध्याकाळी जेवले नाही, खाटेवर पडून होते. मी जाऊन पायापाशी बसलो.

"राग आला काय बाबा?"

"राग कायचा? तुनं माह्यासाठीच केलं." मंग भिंतीकडं तोंड केलं. "पण एक सांगू? गाव बुडालं, तरी मी डोळे मिटले का घर दिसे. चूल दिसे, चुलीपाशी तुही माय दिसे. इतके वर्ष दिसलं. आता मिटतो तं संडास दिसते."

धरणाले जे बुडवता आलं नाही, थे म्या बुडवलं. अन् फुल सेटिंगवर!