राखीव पिंप

डोंबिवलीत तेव्हा आमच्याकडे एक दिवसाआड पाणी यायचं, तेही तासभर. पाणी सोडणाऱ्यांवरचा सगळा राग मी गॅलरीतल्या एका निळ्या पिंपात भरून ठेवला होता. दोन पिंपं वापरायची, तिसरं राखीव. त्यावर फळी, फळीवर वरवंटा. हात लावायचा नाही, असा माझा हुकूम.

"अहो, आज ते ओतून घासते. बुळबुळीत झालंय," बायको दर आठवड्याला म्हणायची.

"पाणी काय तुझ्या माहेराहून येतं?" हे माझं ठरलेलं उत्तर. त्यावर मी स्वतःच हसायचो.

तळमजल्यावरच्या मास्तरांना हाडं मोडणारा ताप आला, तेव्हा डास तिथलेच म्हणून मी मागच्या गटारावर तुटून पडलो. बिल्डिंगभर सह्या गोळा करून अर्ज ठोकला. त्यानेही समाधान होईना म्हणून रेशनचं रॉकेल गटारात ओतलं. दोन दिवस घरात स्टोव्ह पेटला नाही. रात्री मच्छरदाणीत मी विजयी वीरासारखा झोपायचो.

दोन आठवड्यांत बायको तापाने फणफणली. अंगावर लाल पुरळ, हिरड्यांतून रक्त. दवाखान्यात डॉक्टर रोज प्लेटलेट्सचा आकडा सांगायचे आणि तो रोज खाली जायचा. मी त्यांना गटाराची कैफियत ऐकवली. ते शांतपणे म्हणाले, "डेंग्यूचा हा डास गटारात वाढत नाही. त्याला स्वच्छ साठवलेलं पाणी लागतं. ताप असताना मास्तरांना चावला असेल. विषाणू त्याच्या अंगात आठ-दहा दिवस वाढतो, मग तो ज्याला चावेल त्याला ताप. आणि चावतो दिवसा. घरात पाणी साठवता?"

मी घरी येऊन फळी उचलली. टॉर्चच्या उजेडात माझं राखीव पाणी वळवळत होतं. ज्यांनी आम्हाला पिंपं भरायला लावली, त्यांना मी तिथेच उभ्याने शिव्या घातल्या. त्या संपल्यावर एकच माणूस उरला. फळी एका बाजूने चार बोटं आखूड होती, आणि ती मीच कापली होती.

सहाव्या दिवशी आकडा वर चढला. ती घरी आली ती भिंतीला धरत थेट गॅलरीत.

"अजून भरलेलंच आहे?"

"तू येईपर्यंत थांबलो होतो," मी खोटं बोललो. खरं तर वरून रॉकेल टाकलं होतं, पण ओतायला जीव होत नव्हता.

"ओता."

ओतलं. पाणी तीन मजले उतरून त्याच गटारात गेलं. दुसऱ्या दिवशी पाण्याचा वार असूनही नळ आला नाही. मी तोंड उघडणार, तोच तिने पिंप घासायला माझ्या हातात काथ्या दिला.