रविवारच्या धपाट्यांचा डबा

बार्शीच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा आईनं डबा माझ्या मांडीवर ठेवला. अजून गरम होता. स्टीलचा, तिच्या लग्नात आलेला, झाकणावर ‘शकुंतला’ असं कोरलेला. आत बारा धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. लेक दुबईला निघालीय, तर माणूस दोन शब्द मायेचे बोलेल की नाही? ती खिडकीतून म्हणाली, “डबा परत आण. आणि रिकामा आणू नको.” मला राग आला. माझे वडील बापू नुसते “जाऊन ये” म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. गाडी कुर्डुवाडीच्या पुढं गेल्यावर मी डबा छातीशी धरून रडले.

ते जूनचे दिवस होते. माझा नवरा दिलीप शारजाच्या औद्योगिक भागात लोखंडी फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये फोरमन आहे, आणि आमचा फ्लॅट दुबईच्या हद्दीत, अल कुसैसला. सगळं जग शारजात राहून दुबईत कामाला येतं आणि रोज ट्रॅफिकमध्ये कुढतं. आमचं उलटं, सकाळी रस्ता मोकळा. दिलीपला याचा इतका अभिमान, की ओळख झालेल्या माणसाला तो आधी हेच सांगतो. मी मात्र चौथ्या मजल्यावर बसून होते. बार्शीत माझ्या गणिताच्या क्लासला चाळीस पोरांचा गोंगाट असायचा. इथं एसीची घरघर, बंद खिडकी आणि लिफ्टमध्ये भेटणारी, हसून फोनकडे बघणारी माणसं. ऑगस्टमध्ये मी दिलीपला सांगून टाकलं, “दिवाळीला जाणार, आणि परत येणार नाही.” त्यानं वाद घातला नाही. तिकीट काढलं, पण दोन्हीकडचं. “एकत्र स्वस्त पडतं,” म्हणाला, माझ्याकडे न बघता.

आपल्याकडं ऑक्टोबर म्हणजे घामाच्या धारा. इथं त्याच महिन्यात सकाळची हवा अंगाला सोसवते आणि सगळा वाळूचा मोकळा पट्टा क्रिकेटचं मैदान होतो. दिलीपच्या वर्कशॉपची टीम दर रविवारी सहा-साडेसहाला, टेप लावलेल्या टेनिस बॉलनं, वर्कशॉपच्या मागच्या जागेवर खेळते. बहुतेक एकटे राहणारे. खायला काय, तर बेकरीचे खुबूस, म्हणजे अरबी रोट्या, आणि थर्मासातला चहा. “काहीतरी घरचं दे ना,” दिलीप म्हणाला. मलाही दुसरा उद्योग नव्हता.

ज्वारीचं, बेसनाचं आणि गव्हाचं पीठ, लसूण-मिरचीचा ठेचा, जिरं, कोथिंबीर, वरून तीळ. बापूंच्या जुन्या धोतराचा तुकडा आईनं सामानात घातला होता. तो ओला करून त्यावर थापायचे आणि कापडासकट उचलून तव्यावर उलटे टाकायचे. धपाटे दुसऱ्या दिवशी जास्त चांगले लागतात, म्हणून शनिवारी दुपारीच बसले. टीममध्ये अकरा जण, प्रत्येकी दोन म्हणजे बावीस. गणिताची बाई मी, आणि हिशेब असा चुकला! समोरची टीम, अंपायर, बघे, सगळेच हात पुढे करायला लागले. कोणाला पाव तुकडा मिळाला, कोणाला चटणीच.

संध्याकाळी डबा घासून पुसून परत आला. झाकण उघडलं तर तळाशी मूठभर साखर, आणि तिच्यात चहापत्तीचे चार कण. दिलीप म्हणाला, “भीमाण्णांनी घातली. तुझा डबा रिकामा जाऊ देईनात.” भीमाण्णा बीडकडचे वेल्डर. पन्नाशीचे, गुडघे गेल्यामुळे आता नुसती अंपायरिंग करतात. ज्या माणसाच्या खोलीत स्वयंपाक होत नाही, त्यानं शेजाऱ्याचा डबा रिकामा द्यायचा नाही म्हणून चहाच्या बरणीतली साखर ओतली होती. मी ओट्याशी उभी राहून एकाच वेळी हसले आणि रडले. आईची आठवण चार महिने रोज येत होती. ती पहिल्यांदा सोसवली.

पुढच्या रविवारी चाळीस केले आणि स्वतःच घेऊन गेले. सूर्य नुकता वर आलेला, वाळू थंड, आणि महाडचा इरफान पळत येऊन बॉल टाकताना स्वतःलाच “यल्ला, यल्ला”, म्हणजे चल, चल, म्हणत होता. त्या दिवशी डब्यात त्यानं खजूर घातले. त्याच्या पुढच्या वेळी समोरच्या टीममधल्या पेशावरच्या ड्रायव्हरनं सुके जर्दाळू. भीमाण्णा एकदम दोन धपाटे खायचे आणि दर वेळी एकच बोलायचे, “तीळ कमी पडलेत, वहिनी.” मी चिडून म्हटलं, तुमच्या टीमला पुरेल एवढा तवा नाही माझ्याकडं, तळहाताएवढ्या नॉनस्टिकवर एकेक भाजते, दुपार जाते माझी त्यात.

माझं तिकीट बुधवारचं होतं. आधीच्या रविवारी आम्ही दणकून हरलो. ‘आम्ही’ म्हणते, कारण तोवर मीही ओरडायला लागले होते. खाणं झालं आणि भीमाण्णा आणि इरफान पिकअपकडे गेले. दोघांनी मिळून काहीतरी उचलून आणलं. लोखंडी तवा होता. दोन शेगड्यांवर बसेल एवढा लांबट, कडा ग्राइंडरनं गुळगुळीत केलेल्या, दोन्हीकडं कड्या. उरलेल्या पत्र्याचा, मालकाला विचारून केलेला. आठवडाभर तेल लावून लावून काळा कुळकुळीत केला होता. सोबत डबा, त्यात साखर.

“डब्यात मावंना,” भीमाण्णा म्हणाले, “म्हणून हातात आणला.” मग थोडं थांबून, “जाऊन या. तोवर मी तेल लावीत जातो. गंज चढू देत नाही.”

त्यांना कोणी सांगितलं होतं, की मी परत येणार नाही? दिलीप दूर उभा राहून स्टंप उपटत होता, नको तेवढं मन लावून. त्या क्षणी मी काही ठरवलं, असं मी म्हणणार नाही. खोटं कशाला बोलू. पण तवा परत पिकअपमध्ये ठेवून मी हात पुसले तेव्हा मला एकच काळजी लागली, की घरातले तीळ संपलेत.

बार्शीत आईनं डबा उघडला. खजूर, जर्दाळू, आणि भीमाण्णांची साखर कागदाच्या पुडीत. विमानात बसेपर्यंत माझं परत जायचं ठरलं होतं; ते तिला कसं सांगायचं, याचं ओझं मी वाटभर वाहिलं होतं. दिवाळीभर सांगत राहिले ते मैदानाचं, इरफानचं आणि तव्याचं. भाऊबीज झाल्यावर तिनं मलाच विचारलं, “माणसं किती असतात?” मी म्हटलं, तीस तरी. तिनं मोठी परात काढली.

शुक्रवारी त्याच स्टँडवर तोच डबा, तसाच गरम, माझ्या मांडीवर आला. या वेळी मला राग आला नाही. बापू “जाऊन ये” म्हणाले, आणि चष्मा या वेळीही पुसला.

त्या रविवारी मैदानावर डबा फिरला, तुकडे करकरून पुरवला. भीमाण्णांनी तुकडा सावकाश चावला आणि पहिल्यांदाच मान हलवली. “आता बरोबर पडलेत तीळ.” मी सांगितलं, आईच्या हातचे आहेत. त्यांनी दुसरा तुकडा खिशातल्या रुमालात बांधून ठेवला.

संध्याकाळी मी आईला फोन केला. “डबा रिकामा झाला, आणि घरी परत आला,” म्हणाले. या फ्लॅटला मी घर म्हटलं, हे माझं मलाच बोलल्यावर कळलं. आईला आधीच कळलं असावं. ती नेहमीच्याच आवाजात म्हणाली,

“बरं. रिकामा आणू नको.”