न ठरणारा काटा

रोटरला एकही वायर जोडलेली नसते. मोटरच्या पोटात तो नुसता फिरत असतो. त्याच्यातली एखादी पट्टी तुटली, तर ते बाहेरच्या वायरींतल्या करंटवरून ओळखायचं.

आज कारखान्यातल्या पंपाची मोटर तपासत होतो. अँपमीटरचा काटा एका जागी ठरेना, संथपणे मागेपुढे डुलत राहिला.

"चालतेय की साहेब चांगली," ऑपरेटर म्हणाला.

चालतेच. पट्टी तुटली तरी मोटर बरेच दिवस चालते, म्हणून तर फसायला होतं.

बाबांशीही माझी थेट वायर कधी नव्हती. त्यांची खुशाली आईकडूनच कळते. संध्याकाळी फोन केला.

"बरे आहेत रे, आत्ताच जेवले," आई म्हणाली.

तिचा आवाज एका जागी ठरत नव्हता. मी बॅग भरायला घेतली.