शिंपीकाकांचा हक्काचा विरोधक

पंतप्रधानांना कुणी नावं ठेवली की आमच्या शिंपीकाकांची जीभ कात्रीसारखी चाले. त्या दिवशी काकांच्या लेकीच्या गावात पुराचं पाणी शिरलं होतं आणि तिचा फोन लागत नव्हता. समोरच्या दुकानातले चष्मेवाले, कट्टर विरोधी पक्षाचे, सवयीने म्हणाले, "तुमचे साहेब झोपलेत!"

"झोपलेत? बोटी सकाळीच निघाल्यात! तुमचे असते तर अजून समितीच बसली असती!" काका कडाडले, पण मशीनवरची शिवण वाकडी जात होती.

चष्मेवाल्यांना काकांची लेक आठवली. ते हळूच म्हणाले, "खरंय काका. साहेबांनी पाठवल्या असतील बोटी."

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो, भांडा ना! तुम्ही हो म्हणालात की मला धडकीच भरते."