काहीच न मिसळलेली चकती

बाबा सिंदीच्या जिनिंगमध्ये कापसातला काडीकचरा वेचायचे. मी पॅसेंजरनं नागपूरला जाऊन पदार्थविज्ञानात संशोधनाला लागले, तेव्हा ते स्टेशनभर सांगत सुटले होते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अ‍ॅल्युमिनाची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची, चिनी मातीसारखी पांढरी चकती मी निर्वात भट्टीत भाजायची आणि निळ्या लेझरखाली धरायची. शुद्ध चकती चमकायला नको होती. माझी हिरवट चमकली. सर म्हणाले, "काहीतरी मिसळलंय. हात धुतले होते ना?"

प्रश्न विज्ञानाचाच होता, हे आज कळतं. पण बाबांच्या लहानपणी गावात त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतत. आमच्या घरातल्या कुणाला असं विचारू नये. मी पेटले.

एका रविवारी बाबा प्रयोग बघायला आले. कापूस पाहायचे तसे डोळे बारीक करून त्यांनी चकती पाहिली.

"काय टाकलं वं इच्यात?"

"काहीच नाई, बाबा."

"मंग काऊन चमकते?"

"मलेच नाई समजलं अजून."

"समजलं का मले सांगजो."

पावसाळा सरता सरता ते आजारी पडले. भाऊ मला न्यायला आला. "बाबा तुलेच विचारून राह्यले. चाल." नवी पावडर, नवी मूस, सगळं तीनतीनदा धुऊन मी भट्टी नुकतीच लावली होती. म्हटलं, परवा येते. हात स्वच्छ आहेत हे सिद्ध करायचं होतं ना मला! दुसऱ्याच दिवशी बाबा गेले. चकती पहिल्यासारखीच चमकली. त्या चमकेचं काय लोणचं घालू?

साध्या हवेत भाजलेली चकती चमकेना, तेव्हा कुठे उलगडा झाला. निर्वात भट्टीत चकतीतले थोडे ऑक्सिजनचे अणू निघून जातात. त्यांच्या रिकाम्या जागी इलेक्ट्रॉन अडकून बसतात आणि लेझर पडला की उजेड देतात. मिसळलेलं काही नव्हतंच. सरांनी पाठ थोपटली, मला रडूच आलं.

बाबांना सांगायचं ते मी सिंदीला जाऊन आईला सांगितलं. ती सुपात तूर निवडत होती.

"मंग गेलेलं वापस नाई येत?" तिनं विचारलं.

"येते ना, माय. हवेत परत तापोलं का जागा भरते. मंग चमकत नाई."

"बरं हाय तिचं," आई म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता पुन्हा तूर निवडू लागली.