ब्राझीलचा बदली ड्रायव्हर

माझ्या मामेसासऱ्यांइतका निर्दोष ड्रायव्हर या पृथ्वीवर दुसरा झाला नाही. तीस वर्षं त्यांनी नागपूरहून काटोलला आणि उमरेडला लाल बस नेली-आणली, पण रस्त्यावरच्या एखाद्या कोंबडीलाही त्यांच्याविरुद्ध तक्रार करता आली नाही. त्यांच्या हातून म्हणे एकच अपघात झाला, आणि तोही थेट इंग्लंडात, त्यांनी जन्मात न पाहिलेल्या एका वळणावर. निदान ते स्वतः तसं मानतात. तो अपघात त्यांचा नव्हता, माझा होता. ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. पण आधी मामा कसे आहेत ते सांगायला हवं. त्याशिवाय मी काय केलं, हे नीट कळायचं नाही.

मामा पायी चालतानासुद्धा बस चालवतात. गल्लीत डावी बाजू सोडत नाहीत, आणि वळायचं असलं की मागे चिटपाखरू नसलं तरी हात बाहेर काढून इशारा देतात. खुर्चीवर बसण्याआधी तिच्याभोवती एक चक्कर मारतात आणि चारही पायांना चपलेनं टोचून पाहतात. दुसऱ्याच्या वाहनात बसले की त्यांचा उजवा पाय सारखा ब्रेक दाबत असतो, त्यामुळे त्यांची उजवी चप्पल डावीच्या सहा महिने आधी झिजते. एकदा सायकलरिक्षात त्यांनी इतक्या जोरानं ब्रेक दाबला, की रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "काकाजी, तुमीच चालवता काय? मी मागं बसतो." मामा खरोखर उठायला लागले होते. लग्नाआधी मला पाहायला आले तेव्हा त्यांनी माझा पगार विचारला नाही, पत्रिका मागितली नाही. "जरा त्या विहिरीपर्यंत जाऊन या," म्हणाले. मी गेलो, आलो. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि माझ्या होणाऱ्या सासूबाईंना सांगितलं, "चाल बरी हाये. एका अंगाले ओढत नाही. करा पक्कं." माझं लग्न असं चाकांच्या तपासणीवर ठरलं.

हसू येतं, पण हाच माणूस मला काय देऊन गेला तेही सांगतो. बायको पहिल्या खेपेला उमरेडला माहेरी गेली होती. दिवस भरायला अवकाश होता, आणि एका दुपारी एकाएकी तिला कळा सुरू झाल्या. तिथल्या सुईणीनं हात टेकले, "नागपूरले न्या," म्हणाली. स्टँडवर मामांचीच बस उभी होती. तो रस्ता म्हणजे कोळशाच्या ट्रकांनी खाऊन टाकलेला. मामांनी भाचीला पुढच्या सीटवर आडवं केलं आणि उतारूंकडे वळून म्हणाले, "माही भाची हाये. गाडी आज आपल्या मनानं येईन. ज्याले घाई असन त्यानं मागची पकडा गा." एकही माणूस उतरला नाही. सासूबाई मांडीवर पाण्याचा तांब्या घेऊन बसल्या होत्या. त्या अजून शपथेवर सांगतात, की नागपूर येईपर्यंत त्यातला थेंब सांडला नाही. दवाखान्यात पोचल्यावर तासाभरात आमची मुलगी झाली. नोकरीत मामांची बस एवढी एकदाच उशिरा आली. डेपोनं कारण विचारलं, तेव्हा मामांनी लेखी उत्तर दिलं, "नाजूक माल होता." ते उत्तर त्यांच्या सांगण्यावरून मीच लिहिलं होतं. त्यांचं लिहिण्याचं सगळं काम माझ्याकडे होतं. मी बी.ए. झालेला कारकून, इंग्रजी येणारा. मामा लिहिलेल्या अक्षराला देवासारखं मानत.

एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. डेपोच्या वर्कशॉपात मोटारींचं एक जुनं इंग्रजी मासिक कुठून तरी आलं होतं. मामा ते घेऊन रविवारी सकाळी माझ्या ओसरीवर आले आणि एका फोटोवर बोट ठेवलं. बुटक्या, एका माणसाच्या, उघड्या चाकांच्या मोटारीत शिरस्त्राण घातलेला एक पोरगा बसला होता. "जवाईबापू, याले मडगार्ड नाही, हॉर्न नाही, लाइट नाही. याची पासिंग कोनं केली?" मी खालचा मजकूर वाचून दाखवला. मुलगा ब्राझीलचा, नाव बेतो. गावी मुलांच्या छोट्या गाड्यांच्या शर्यती जिंकून, एक पिशवी घेऊन इंग्लंडात आलेला, आणि आता तिथल्या सगळ्यात खालच्या वर्गाच्या शर्यतीत उतरलेला. मामांचं लक्ष भलतीकडेच होतं. "मान पाहा त्याची. ताठ हाये. म्हंजे वळनात याचा पाय ब्रेकवर हाये. भेलेला ड्रायव्हर वळनात ब्रेक दाबते. याले कोनी सांगत काहून नाही?" आणि मग, जणू तो आपल्याच डेपोत नवा लागलेला पोरगा आहे अशा काळजीनं म्हणाले, "लिवा त्याले. जे दाबायचं ते वळनाच्या आधी दाबून घे म्हना. वळनात पाय हलका ठेव. गाडी वळन पाहून घेते."

मासिकात त्याच्या गॅरेजचा पत्ता होता. परदेशी जाणारं निळं घडीचं पत्र आणून मी ते लिहिलं, थट्टा म्हणूनच. सहा आठवड्यांनी उत्तर आलं. बेतोचं इंग्रजी माझ्यापेक्षाही मोडकं होतं. "प्रिय अंकल, इंग्लंडात मला आलेलं हे पहिलं पत्र. मी माझ्या मेकॅनिकला वाचून दाखवलं. तो हसला. मग मी तसं करून पाहिलं. मी तिसरा आलो. आता तो हसत नाही."

त्या दिवसापासून बेतोची सगळी कारकीर्द मामांनी आपल्या डेपोच्या नियमांनी लावून घेतली. गावच्या छोट्या गाड्या म्हणजे क्लीनरकी. इंग्लंडातला खालचा वर्ग म्हणजे बदली ड्रायव्हर, रोज सकाळी हजर राहायचं आणि गाडी मिळाली तर चालवायची. त्याच्या वरची फॉर्म्युला थ्री म्हणजे परमनंट. त्याहून वरचे ते साहेब लोक, "तिकडं आपल्याले पाहाचं नाही." इंजिन जळून बेतो शर्यतीतून बाहेर पडला की मामा शांतपणे म्हणत, "ब्रेकडाऊन म्हंजे ड्रायव्हरचा दोष नाही. हजेरी लागते." सातवा, पाचवा, दुसरा असे त्याचे नंबर ते आपल्या घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवत. मामी आतून ओरडत, "घरचं पोट्टं मॅट्रिकले बसून राहिलं, त्याचा नंबर माईत नाही या मानसाले! अन् ब्राझीलच्या पोट्ट्याचा तोंडपाठ!" मामा म्हणत, "अवं, घरच्याले तू हायेस. त्याले कोन हाये तिकडं?" हिवाळ्यात त्यांनी काटोलची संत्री पार्सलनं इंग्लंडला पाठवायचं काढलं. पोचेपर्यंत ती सडतील हे मी पटवून दिल्यावर म्हणाले, "मंग लिवा, की पाठवनार होतो."

दोन वर्षं, दर रविवारी मामांच्या ओसरीवर, हे चाललं. खरं सांगायचं तर रविवारची ती सकाळ माझ्याही आठवड्यातली एकुलती एक जिवंत वेळ होती. ऑफिसात मी अकरा वर्षं एकाच टेबलावर बसलो होतो. इथे मात्र माझ्या अक्षरावर इंग्लंडात कोणीतरी वळणं घेत होता. हळूहळू मी मामांच्या वाक्यांना जरा इस्त्री करू लागलो, इकडे एखादा शब्द घाल, तिकडे एखादा काढ. मामांना कळायचं नाही, बेतोला आवडायचं.

मग ते पत्र आलं. हंगामाची शेवटची शर्यत होती. जिंकला तर पुढच्या वर्षी फॉर्म्युला थ्रीची गाडी नक्की, असं बेतोनं लिहिलं होतं. शर्यतीत नेहमी त्याच्या पुढे एक जुना, कसलेला ड्रायव्हर असायचा, तो एका लांब वळणावर कोणाला आतून घुसू देत नसे. "अंकलना विचारा. तिथे बाहेरून जाऊ, की थांबू?"

मामांनी क्षणभरही विचार केला नाही. "थांब म्हना. वळनावर बाहेरून जाऊ नको. समोरच्याले तू दिसत नाहीस. सरळ रस्ता येते, तिथं पाहा. नाही जमलं तं दुसरा ये. परमनंट काय, पुढल्या साली होते. पाय पुढल्या साली येत नाहीत."

त्याच आठवड्यात माझ्या मागून लागलेला माणूस आमच्या ऑफिसात हेडक्लार्क झाला होता. मी त्याला हार घालून, पेढा खाऊन घरी आलो होतो. पेन हातात घेऊन मी मामांकडे पाहिलं, आणि मला एकदम त्यांचा राग आला. त्यांचा, माझा, थांबणाऱ्या सगळ्याच माणसांचा. मी लिहिलं, "थांबू नकोस. थांबणारा जन्मभर मागेच राहतो. बाहेरून जा." खाली नेहमीप्रमाणे लिहिलं, तुझे नागपूरचे अंकल. मामांनी स्वतः डिंक ओला करून पत्र चिकटवलं आणि विचारलं, "बरोबर लिवलं ना?"

"जसंच्या तसं," मी म्हणालो.

पुढचं उत्तर दोन महिन्यांनी आलं. अक्षर बेतोचं नव्हतं, एका नर्सचं होतं. बेतो सांगत होता, ती लिहीत होती. वळणावर तो बाहेरून गेला, चाकाला चाक लागलं, गाडी भिंतीवर गेली. दोन्ही पाय मोडले. "अंकलना सांगा, त्यांचा दोष नाही. त्यांनी लिहिलं तसं मी केलं. पत्र फार सुंदर होतं." मी ते मामांना वाचून दाखवत गेलो. थांबायला हवं होतं तिथे मला थांबता आलं नाही, आणि 'त्यांनी लिहिलं तसं' हेही तोंडातून निघून गेलं.

मामांनी पत्र हातात घेऊन त्या परक्या अक्षरावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मी काय लिवाले सांगितलं होतं, जवाईबापू?"

तेव्हा खरं बोलायला एक श्वास पुरला असता. मी म्हणालो, "बाहेरून जा, म्हणाला होतात."

मामी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. "काहीतरीच! तुमी तं थांब म्हनलं होतं. म्या आयकलं ना चुलीपासून."

"तू चूप राह्य वं," मामा म्हणाले. इतक्या हळू आवाजात मामींना गप्प करताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "लिवनारे ते हायेत. त्याइले माईत. म्हटलं असन म्या. मानूस बोलून जाते."

मामींनी माझ्याकडे पाहिलं. मी चहा घेतला. हे लिहिताना आजही तो कप मला हातात जड लागतो.

डेपोत नवे लागलेले ड्रायव्हर मामांच्या हाताखाली शिकत. त्यांच्या शेजारी बसून महिनाभर फिरलेला पोरगा कुठेही गाडी नेऊ शकतो, असं म्हणत. मामांनी ते काम सोडलं. कोणी काही विचारलं तर म्हणायचे, "मले माईत नाही गा. माह्या सांगन्यानं एक पोट्टं मोडलं." गाडी ते निवृत्त होईपर्यंत तशीच निर्दोष चालवत राहिले, पण सांगणं बंद झालं. बेतोला दर महिन्याला पत्र मात्र जायचं. त्यात एकच मजकूर: तब्येत सांभाळ, जेवत जा, घाई करू नको. तेवढं मी शब्द न शब्द तसंच लिहिलं. आता त्याचा उपयोग नव्हता.

बेतो दीड वर्षानं पुन्हा गाडीत बसला, पुन्हा त्याच खालच्या वर्गात. नववा आला, चौदावा आला. उजवा पाय वेळेवर उचलत नव्हता. मामांनी हे नंबरही कॅलेंडरवर लिहिले. परमनंट न होताच तो घरी परतला. तिथे आता मुलांना छोट्या गाड्या शिकवतो, लंगडतो, दोन मुलींचा बाप आहे. त्यानं लिहिलं, "मुलांना पहिल्या दिवशी मी अंकलचा नियम सांगतो. वळणाआधी ब्रेक, वळणात नाही." मी वाचून दाखवलं, तेव्हा मामा म्हणाले, "चला. तेवढं तं बरोबर सांगितलं होतं म्या."

त्या वेळीही मी फक्त पत्राची घडी घातली.

आता मामा नागपूरच्या कडेला, हुडकेश्वरला दोन खोल्यांच्या घरात राहतात. अंगणात संत्र्याचं एक झाड लावलं आहे, त्याला फळ येत नाही, पण त्याच्याभोवती चक्कर रोज असते. आम्ही रविवारी जातो. मी यथावकाश हेडक्लार्क झालो. मी पेढे घेऊन गेलो, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मामांना झाला. "बसले ना परमनंट!" म्हणाले, आणि माझ्या पाठीवर थाप मारली. माझ्या संसारात जे काही धड आहे, त्याच्या खाली कुठेतरी या माणसाचा हलका पाय आहे. मी कोणाचाही एवढा आभारी नाही.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीनं स्कूटर शिकायचं काढलं. उमरेडच्या रस्त्यानं ज्यांनी तिला थेंबही न सांडता आणलं, त्यांच्याकडेच ती हट्टानं गेली. "आजोबा, तुम्हीच शिकवा." मामांनी स्कूटरभोवती एक चक्कर मारली, चाकांना चप्पल लावून पाहिली. मग हात मागे बांधले. "मी कोनाले सांगत नाही, बाई. माहं सांगनं चुकते. तुह्या बापाले विचार, तो लिवला-वाचलेला मानूस हाये." मुलगी माझ्याकडे वळली. मी स्कूटर स्टँडवरून काढायला लागलो.

म्हणून हे लिहिलं. मामा म्हणाले होते, थांब. मी लिहिलं, जा. आणि त्यांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. हे मला हुडकेश्वरला जाऊन मामांना आणि मामींना वाचून दाखवायचं आहे, एकही शब्द न बदलता. मग तेच इंग्रजीत लिहून ब्राझीलला पाठवायचं आहे. दोन्ही अजून राहिलं आहे.